जोडसंग्रहातील नाम आणि क्रम
मेनफ्रेम संगणकावरील मूळ संहितांच्या व्यवहारासंबंधी एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच नावाच्या दोन वस्तू समोर आल्या असता त्या नावाने कोणती वस्तू घ्यावयाची, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास नवा नाही. ‘कर’ ह्या शब्दाने हात घ्यावयाचा की सरकारदेणे, हे बोलणारा व ऐकणारा प्रसंगावरून ठरवितात. आणि प्रसंग अपुरा पडल्यास ऐकणाऱ्यास उलट विचारताही येते. यंत्रास ही सोय नाही. त्यास प्रसंग कळत नाही, आणि नावासमोर एक वस्तू सापडली म्हणजे ते शंका घेत नाही. म्हणून यंत्राकडून जेथे नावाचा अर्थ लावून घ्यावयाचा असतो, तेथे मनुष्यास आधी एखादा नियम घालून द्यावा लागतो.

बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती ह्यांच्या मोठ्या हिशेबांसाठी जे मेनफ्रेम संगणक वापरले जातात, त्यांवर कार्यक्रमांच्या मूळ संहिता, म्हणजे ज्यास सोर्स कोड म्हणतात ते लेखन, निरनिराळ्या लायब्रऱ्यांत ठेवलेले असते. कामाच्या वेळी ह्यांपैकी अनेक लायब्रऱ्या एकापुढे एक जोडून त्यांचा एकच संग्रह आहे असे मानून व्यवहार केला जातो. अशा जोडसंग्रहात नावाचा अर्थ लावण्याचा नियम अत्यंत साधा आहे : साखळीत ज्या संग्रहात ते नाव प्रथम आढळेल, तेथील वस्तू खरी. नियम साधा असला तरी त्याचे परिणाम मात्र साधे नाहीत. त्या परिणामांचा विचार केला असता असे दिसून येईल की, अशा व्यवहारात संहितेचा अर्थ केवळ तिच्या अक्षरांत नसतो. तो संग्रहांच्या क्रमातही असतो, आणि म्हणून क्रमाची नोंद नसलेली संहिता ही अपुरी संहिता होय.

२. संग्रह, सूची व सदस्य

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. ह्या मालिकेसाठी रचलेल्या ओएस/३६० ह्या कार्यप्रणालीत ‘पार्टिशन्ड डेटा सेट’ नावाची एक रचना होती, आणि त्याच परंपरेतील आजच्या झेड/ओएस प्रणालीतही ती टिकून आहे. व्यवहारात लायब्ररी म्हणतात ती हीच. तिला येथे संग्रह म्हटले आहे.

ह्या संग्रहाचे दोन भाग असतात. आरंभी एक सूची असते व सूचीच्या मागे प्रत्यक्ष मजकूर असतो. मजकुराच्या प्रत्येक स्वतंत्र तुकड्यास मेंबर, म्हणजे सदस्य, असे म्हणतात. सदस्याचे नाव अधिकांत अधिक ८ अक्षरांचे असते. सूचीतील प्रत्येक नोंदीत हे नाव, तो मजकूर संग्रहात कोठे आहे हे सांगणारा ३ बाइटांचा पत्ता आणि इच्छेनुसार काही अधिक माहिती असते. सूचीतील नावे वर्णानुक्रमे लावलेली असतात व एका संग्रहात एक नाव एकदाच येऊ शकते. थोडक्यात, एका संग्रहापुरता नाम व वस्तू ह्यांचा संबंध निःसंदिग्ध असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एखादा सदस्य दुरुस्त करून पुन्हा लिहिला असता जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढत नाही. नवा मजकूर शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिला जातो व सूचीतील पत्ता तेवढा बदलतो. जुना मजकूर तबकडीवर तसाच पडून राहतो. मात्र त्यास नाव उरलेले नसते, आणि म्हणून तो नसल्यासारखाच होतो. ‘आयईबीकॉपी’ ह्या उपयोगी कार्यक्रमाने संग्रह आवळून घेतला म्हणजे ती जागा पुन्हा मोकळी होते. पुढे १९९० च्या सुमारास आलेल्या सुधारित प्रकारच्या संग्रहांत ही आवळण्याची गरज राहिली नाही. तथापि नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव म्हणजे वस्तूकडे दाखविणारे बोट होय, हे तत्त्व दोन्ही प्रकारांस सारखेच लागू आहे.

मूळ संहितांच्या संग्रहातील प्रत्येक ओळ बहुधा ८० अक्षरांची असते. हा आकडा पंचकार्डाच्या ८० स्तंभांवरून आला. कोबोल भाषेच्या परंपरागत मांडणीत पहिले ६ स्तंभ अनुक्रमांकासाठी, ७ वा विशेष खुणेसाठी व ८ ते ७२ हे प्रत्यक्ष लेखनासाठी असत. शेवटचे ८ ओळखीच्या खुणेकरिता राखलेले असत. कार्डे जाऊन कित्येक दशके लोटली, परंतु त्यांची रुंदी संहितेच्या अंगावर राहून गेली.

३. जोडणीची रीत

एका संस्थेत शेकडो कार्यक्रम एकाच प्रकारच्या नोंदी वाचतात. ग्राहकाच्या खात्याची नोंद घ्या. तिच्यात खातेक्रमांक कोठे, नाव कोठे, शिल्लक कोठे, ही मांडणी प्रत्येक कार्यक्रमात पुन्हा पुन्हा लिहून काढणे वेळखाऊ आणि धोक्याचे. म्हणून ती मांडणी एकदाच लिहून संग्रहात ठेवतात. तिला कॉपीबुक म्हणतात. कोबोल कार्यक्रमात ‘कॉपी’ ह्या शब्दापुढे तिचे नाव लिहिले की कंपायलर ते नाव संग्रहात शोधून तेथील मजकूर त्या जागी आणून बसवितो. पीएल/वन भाषेत ‘इन्क्लूड’ ह्या आज्ञेने आणि असेंब्ली भाषेत मॅक्रोंच्या द्वारा हेच कार्य साधले जाते.

कंपायलरने कोठे शोधावे हे कार्यक्रमात लिहिलेले नसते. ते जेसीएल ह्या कार्यनियंत्रक भाषेत सांगावयाचे असते. त्या भाषेतील ‘डीडी’ ह्या वाक्याने कार्यक्रमातील एक आंतरिक नाव व तबकडीवरील प्रत्यक्ष संग्रह ह्यांची गाठ घातली जाते. कॉपीबुकांसाठी हे आंतरिक नाव ‘सिस्लिब’ असे रूढ आहे. एका डीडी वाक्याखाली दुसरे डीडी वाक्य नावावाचून लिहिले म्हणजे दुसरा संग्रह पहिल्यास जोडला जातो. तिसरे लिहिले म्हणजे तिसरा. ह्या जोडणीस कॉन्कॅटिनेशन म्हणतात. कंपायलरच्या दृष्टीने मात्र सिस्लिब हा एकच संग्रह असतो.

साखळीतील संग्रहांचा क्रम साधारणतः विशेषाकडून सामान्याकडे जातो. प्रथम कार्यक्रमकाराचा स्वतःचा संग्रह, त्यानंतर चाचणीसंग्रह, शेवटी प्रत्यक्ष व्यवहारात असलेल्या संहितांचा संग्रह. ह्यामागील हेतू उघड आहे. हजार कॉपीबुकांपैकी ज्यास दोनच बदलावयाची आहेत, त्याने उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णवांच्या नकला कशास ठेवाव्यात? त्याने आपली दोन आपल्या संग्रहात ठेवावीत. बाकीची मागील संग्रहांतून आपोआप मिळतील. जोडसंग्रहाचे सारे सामर्थ्य ह्या सोयीत आहे, आणि त्याचा सारा धोकाही तेथेच आहे.

४. नावामागे दडलेले नाव

शोधाची क्रिया अशी चालते. प्रणाली पहिल्या संग्रहाची सूची पाहते. नाव नसल्यास दुसऱ्याची. तेथेही नसल्यास तिसऱ्याची. नाव आढळताच शोध थांबतो. पुढील संग्रहांत त्याच नावाचे आणखी सदस्य आहेत की नाहीत, हे पाहिलेच जात नाही. त्यामुळे दोन सदस्य एका नावाचे असल्यास मागचा पुढच्याच्या आड जातो. ही चूक मानली जात नाही आणि तिच्याविषयी कोणतीही सूचनाही दिली जात नाही. कारण आड जाणे हाच ह्या व्यवस्थेचा हेतू आहे. हेतुपुरस्सर केलेले आच्छादन व अनवधानाने झालेले आच्छादन ह्यांत यंत्रास भेद करता येत नाही.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीय पद्धतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही दोन नियमांचा एकाच ठिकाणी प्रसंग आला असता कोणता लागू करावा ह्याची व्यवस्था आहे. तुल्यबल नियमांच्या विरोधात सूत्रपाठातील नंतरचा नियम बलवान मानावा, आणि अपवाद हा उत्सर्गाहून बलवान मानावा, ही तत्त्वे प्रसिद्धच आहेत. जोडसंग्रहात ह्यांपैकी पहिले तत्त्व उलटे झाले आहे, कारण येथे पूर्वीचा बलवान ठरतो. पण त्याहून महत्त्वाचा भेद दुसऱ्या तत्त्वात आहे. पाणिनीच्या पद्धतीत अपवादाचे बल त्याच्या स्वतःच्या आशयातून येते. त्याचे क्षेत्र संकुचित आहे म्हणून तो विशेष. जोडसंग्रहात पुढच्या सदस्याच्या आशयाकडे कोणी पाहत नाही. तो पुढे ठेवला आहे एवढ्यानेच तो विशेष ठरतो. मग तो नवा असो की जुना, दुरुस्त असो की टाकाऊ. येथे विशेषत्व वस्तूत नसून केवळ स्थानात आहे, आणि स्थान मनुष्याने दिलेले आहे.

एका कॉपीबुकात दुसऱ्या कॉपीबुकाचा उल्लेख असतो तेव्हा हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा होतो. समजा, पहिले कॉपीबुक साखळीतील तिसऱ्या संग्रहात सापडले. त्याच्या पोटातील दुसऱ्या नावाचा शोध तिसऱ्या संग्रहापासून सुरू होत नाही. तो पुन्हा पहिल्या संग्रहापासून होतो. परिणामी व्यवहारसंग्रहातील बाह्य मजकुरात एखाद्याच्या खासगी संग्रहातील अंतर्गत मजकूर येऊन बसू शकतो. अशा रीतीने तयार झालेली संहिता कोणत्याही एका संग्रहात अस्तित्वात नसते. ती त्या क्षणी, त्या क्रमामुळे, जन्मास येते व कंपायलरचे काम संपताच नाहीशी होते.

५. ठोकळ्याचा अडसर

क्रम हा अर्थासाठी ठरवावयाचा असतो. परंतु पूर्वीच्या काळी त्यावर एक भौतिक बंधनही होते. तबकडीवर ८० अक्षरांच्या ओळी सुट्या लिहीत नाहीत. अनेक ओळींचा एक ब्लॉक, म्हणजे ठोकळा, करून लिहितात. एका संग्रहाचा ठोकळा ३,१२० बाइटांचा, म्हणजे ३९ ओळींचा असेल, तर दुसऱ्याचा २७,९२० बाइटांचा, म्हणजे ३४९ ओळींचा असेल. जुन्या प्रणाली साखळीतील पहिल्या संग्रहाच्या आकारावरून वाचनासाठी जागा राखीत. म्हणून सर्वांत मोठ्या ठोकळ्याचा संग्रह प्रथम ठेवणे आवश्यक असे. तसे न केल्यास पुढील संग्रह वाचताना काम अर्धवट बंद पडे.

ह्या अडचणीतून सुटण्यासाठी सुचणारा सर्वांत सोपा उपाय सर्वांत घातक होता. कार्यक्रमकाराचा लहान ठोकळ्याचा संग्रह मागे व व्यवहारसंग्रह पुढे केला की काम बंद पडत नसे. परंतु त्याबरोबरच त्याने केलेल्या सर्व दुरुस्त्या व्यवहारसंग्रहातील जुन्या सदस्यांच्या आड जात. त्यास वाटे की आपण नवी संहिता तपासत आहो, प्रत्यक्षात तपासणी जुनीचीच होई. योग्य उपाय असा की, क्रम न बदलता पहिल्या डीडी वाक्यात मोठ्या ठोकळ्याचा आकार स्पष्ट सांगावा. पुढील काळातील प्रणाली ही तजवीज स्वतःच करू लागल्या व हे बंधन सुटले. तथापि क्रम कोणत्या कारणासाठी निवडला जातो हे त्या क्रमावरून कळत नाही, ही गोष्ट त्या जुन्या अडचणीने स्पष्ट करून ठेवली आहे.

६. वाचन एकीकडे, लेखन दुसरीकडे

जोडणी ही मूलतः वाचनासाठी आहे. जेसीएलमधील साखळीत लिहावयाचे झाल्यास कोणत्या संग्रहात लिहावयाचे हा प्रश्न उपस्थित होतो. म्हणून लेखनासाठी एकच संग्रह निवडावा लागतो. परंतु ‘आयएसपीएफ’ ह्या पडद्यावर काम करण्याच्या साधनात संपादनासाठीही जोडसंग्रह घेता येतो. तेथे प्रकल्प, गट व प्रकार अशा तीन अंशांच्या नावाने संग्रह ओळखले जातात, व एका वेळी चार गट क्रमाने देता येतात. नाव टंकित केले म्हणजे चारांपैकी ज्या संग्रहात ते प्रथम आढळेल तेथून मजकूर उघडतो. मात्र दुरुस्ती करून जतन केला की तो आढळला त्या संग्रहात जात नाही; तो नेहमी पहिल्या संग्रहात जातो.

ही योजना विचारपूर्वक केलेली आहे. चौथा संग्रह व्यवहाराचा असेल तर त्यास सहज धक्का लागू नये, हा तिचा उद्देश. पण तिच्यामुळे प्रत्येक संपादनातून एक नवी नक्कल निर्माण होते. कार्यक्रमकाराने मूळ बदलले नसून त्याच्यापुढे त्याच नावाचे दुसरे उभे केलेले असते. सूचीत आवृत्तिक्रमांक, निर्मितीचा दिनांक, शेवटच्या बदलाचा दिनांक व बदल करणाराची खूण इतकी माहिती आयएसपीएफ ठेवते. परंतु ही माहिती त्या एका नकलेपुरती असते. मागील संग्रहातील मूळ त्यानंतर बदलले काय, हे तिच्यावरून कळत नाही.

दोन कार्यक्रमकार असल्यास अडचण दुप्पट होते. दोघांचे पहिले संग्रह निरनिराळे, मागील संग्रह समान. दोघांनीही एकच कॉपीबुक उघडून त्यात आपापली दुरुस्ती केली. दोघांच्याही चाचण्या यशस्वी झाल्या, कारण प्रत्येकाच्या साखळीत त्याचीच नक्कल प्रथम होती. पुढे पहिल्याने आपली नक्कल चाचणीसंग्रहात नेली. चार दिवसांनी दुसऱ्याने आपली नेली. दुसऱ्याच्या नकलेखाली पहिल्याची दुरुस्ती पुसली गेली. ह्यात कोणीही नियम मोडलेला नाही.

७. एक कल्पित उदाहरण

ह्या सर्वांचा परिणाम कोठपर्यंत पोहोचतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका बँकेच्या खात्याच्या नोंदीत पुढीलप्रमाणे रकाने आहेत असे समजू. स्थान १ ते १० खातेक्रमांक. ११ ते ४० खातेदाराचे नाव. ४१ ते ४९ शिल्लक, तीही चिन्हरहित ९ अंकांत, शेवटचे दोन अंक पैशांचे. ५० ते ५५ शेवटच्या व्यवहाराचा दिनांक, वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने दोन दोन अंकांत. आणि शेवटी भविष्यकाळासाठी राखलेली रिकामी जागा.

पुढे खात्याचा प्रकार दर्शविणारा दोन अंकांचा रकाना आवश्यक झाला व तो नावानंतर, ४१ व ४२ ह्या स्थानी घालण्यात आला. शिल्लक ४३ ते ५१ येथे सरकली, दिनांक ५२ ते ५७ येथे. रिकाम्या जागेतून दोन स्थाने कमी केल्यामुळे नोंदीची एकूण लांबी तीच राहिली. व्यवहारसंग्रहातील कॉपीबुक बदलले, त्यावर अवलंबून असलेले कार्यक्रम पुन्हा कंपाइल झाले, साठविलेल्या नोंदीही नव्या मांडणीत आणल्या गेल्या.

एका कार्यक्रमकाराच्या खासगी संग्रहात मात्र त्या कॉपीबुकाची काही महिन्यांपूर्वीची नक्कल राहून गेली होती. त्याने व्याजाच्या एका कार्यक्रमात निराळीच किरकोळ दुरुस्ती केली आणि नेहमीच्या साखळीने, म्हणजे आपला संग्रह प्रथम ठेवून, तो कंपाइल केला. कंपायलरने एकही चूक दाखविली नाही, आणि दाखविण्याचे कारणही नव्हते. जुनी मांडणी व्याकरणदृष्ट्या पूर्णपणे शुद्ध होती. तयार झालेली यंत्रसंहिता पुढे व्यवहारात गेली.

आता ज्याच्या खात्याचा प्रकार ०७ व शिल्लक १२,३४५ रुपये ६७ पैसे आहे, अशा खातेदाराची नोंद ह्या कार्यक्रमाने वाचली. नोंदीत ४१ व्या स्थानापासून ०७००१२३४५६७ असे अंक आहेत. कार्यक्रम त्यांतील पहिले नऊ घेतो, म्हणजे ०७००१२३४५. आणि शिल्लक ७,००,१२३ रुपये ४५ पैसे आहे असे मानतो. सर्व अंकच असल्यामुळे यंत्रास ह्यात काहीही वावगे दिसत नाही. काम बंद पडत नाही. व्याज काढले जाते. दिनांकाच्या रकान्यात शिल्लकीचे उरलेले ६७ हे दोन अंक व त्यांमागे खऱ्या दिनांकाचे पहिले चार अंक येतात. खरा दिनांक १५ मार्च २०२४ असल्यास नोंदीत तो २४०३१५ असा असेल, आणि कार्यक्रमास ६७२४०३ असा दिसेल, महिना चोविसावा. दिनांकाची शहानिशा करणारी दोन ओळींची तपासणी त्या कार्यक्रमात असेल तर चूक तेथेच पकडली जाईल. नसेल तर ती कागदावर उतरेल.

शिल्लक पॅक्ड दशमान पद्धतीने साठविली असती तर बहुधा अवैध अंकरूप आढळून काम थांबले असते; प्रणालीने एस-झीरो-सी-सेव्हन ही कार्यक्रमकारांच्या परिचयाची खूण दिली असती. ज्या खुणेस सर्व कार्यक्रमकार भितात, तीच येथे खातेदाराच्या हिताची ठरली असती. मुकाट्याने पुढे जाणारी चूक ही थांबविणाऱ्या चुकीहून अधिक भयंकर होय.

चौकशीच्या वेळी काय आढळेल, हे अधिक विचार करण्याजोगे आहे. चौकशी करणारा व्यवहारसंग्रहातील कार्यक्रम वाचील. तो बरोबर आहे. व्यवहारसंग्रहातील कॉपीबुक वाचील. तेही बरोबर आहे. त्या दोहोंवरून कार्यक्रम पुन्हा कंपाइल करून पाहील, तर उत्तर बरोबर येईल. जी संहिता चुकली ती त्याच्या हाती येतच नाही, कारण ती कोठेच लिहून ठेवलेली नाही. जे चालले ते आता वाचता येत नाही, आणि जे वाचता येते ते चाललेच नव्हते.

८. नोंदीचा प्रश्न

वस्तुतः कोणते नाव कोठून घेतले हे प्रणालीस ठाऊक असते. सूचीत नाव शोधण्यासाठी ओएस/३६० च्या काळापासून ‘बीएलडीएल’ ही आज्ञा आहे. तिच्या उत्तरात नाव व पत्ता ह्यांबरोबरच एक बाइट असा असतो, की त्यात साखळीतील कितव्या संग्रहात नाव सापडले तो अंक येतो. पहिल्यासाठी शून्य, दुसऱ्यासाठी एक, ह्याप्रमाणे. अर्थनिर्णयाचा सर्व पुरावा ह्या एका बाइटात आहे. पण मजकूर आणण्याचे काम झाले की त्याची गरज संपते, आणि मुद्दाम उतरून न घेतल्यास तो पुरावा नाहीसा होतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ह्या बाइटाचे मोल सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पृष्ठाच्या वरील भागात स्वीकृत पाठ असतो व तळाशी कोणत्या हस्तलिखितात कोणता निराळा पाठ आहे, हे संकेताक्षरांनी दिलेले असते. संपादकाचा निर्णय मान्य नसलेला वाचकही त्या तळटीपांवरून स्वतः निर्णय करू शकतो. जोडसंग्रह हीदेखील पाठनिवडीचीच क्रिया आहे. फरक एवढाच की, येथे संपादक नसून क्रम आहे, निवडीचे कारण दिलेले नाही आणि तळटीपा छापलेल्या नाहीत.

त्या छापून घेणे शक्य आहे. कोबोलच्या अलीकडील कंपायलरांकडून संदर्भसूची मागविली असता कोणते कॉपीबुक कोणत्या संग्रहातून आले ह्याची यादी मिळते. १९९२ पासूनच्या हाय लेव्हल असेंब्लरच्या छापील वृत्तांतात मॅक्रो व कॉपीमजकूर ह्यांचा उगम दाखविणारा स्वतंत्र तक्ताच असतो. आयएसपीएफमधील ‘आयएसआरडीडीएन’ ह्या आज्ञेने जोडलेल्या संग्रहांचा क्रम डोळ्यांसमोर येतो व एकाच नावाचे सदस्य एकाहून अधिक ठिकाणी असल्यास तेही हुडकून काढता येतात. साधने आहेत, प्रश्न आहे तो त्यांचा वृत्तांत यंत्रसंहितेबरोबर जपून ठेवण्याचा.

९. उपाययोजना व निष्कर्ष

ह्या विवेचनावरून जोडसंग्रह टाळावेत असा निष्कर्ष निघत नाही. ते टाळल्यास प्रत्येकास संपूर्ण संग्रहाची नक्कल ठेवावी लागेल व नकलांची संख्या घटण्याऐवजी वाढेल. कार्यक्रमातच कॉपीबुकाच्या नावाबरोबर संग्रहाचे नाव लिहिण्याची सोय कोबोलमध्ये आहे. तिच्यामुळे संदिग्धता कमी होते, परंतु चाचणी व व्यवहार ह्यांसाठी एकच मजकूर लवचिकपणे वापरण्याची सोयही त्याबरोबर जाते. म्हणून साखळी राखून शिस्त लावणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

त्या शिस्तीची अंगे चार आहेत. पहिले, खासगी संग्रह हा तात्पुरता मानावा. त्यातील सदस्य पुढे नेला की तेथील नक्कल त्याच दिवशी काढून टाकावी. दुसरे, संपादन सुरू करताना व पुढे नेताना मागील मूळाशी ताडून पाहावे. तिसरे, व्यवहारात जाणारी यंत्रसंहिता कोणाच्याही खासगी साखळीने तयार होऊ नये. ती ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या कार्यपद्धतीनेच तयार व्हावी. चौथे, प्रत्येक वेळी कोणते नाव कोठून आले ह्याचा वृत्तांत यंत्रसंहितेइतकाच काळ जपावा. एंडेव्हरसारख्या संहिता-व्यवस्थापक प्रणालींचा मुख्य उपयोग हीच शिस्त माणसाच्या स्मरणावर न सोडता यंत्राच्या अंगवळणी पाडण्यात आहे.

अलीकडे मेनफ्रेमवरील संहितांसाठीही गिट ही पद्धती वापरात येऊ लागली आहे. तिच्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो व दोन दुरुस्त्यांचा विरोध उघडकीस येतो. तरीही पुष्कळ ठिकाणी कंपाइल करण्याच्या वेळी त्या संहिता पुन्हा संग्रहांत मांडल्या जातात व कंपायलरच्या हाती सिस्लिबची साखळीच दिली जाते. इतिहास जपला गेला तरी क्रमाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

इसवी सन २००० च्या आधीची काही वर्षे जगभरच्या संस्थांना दोन अंकी वर्षाचे रकाने चार अंकी करण्यासाठी आपल्या जुन्या संहिता पुन्हा उघडाव्या लागल्या. त्या कामात मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमकारांचाही मोठा वाटा होता. एक रकाना दोन स्थानांनी वाढला की त्यामागचे सर्व रकाने सरकतात, आणि ज्या कार्यक्रमास ते कळविले गेले नाही तो कार्यक्रम निःशंकपणे चुकीचे वाचीत राहतो. वर दिलेल्या उदाहरणाचेच ते विशाल रूप होते. अशा वेळी पहिला प्रश्न ‘ही संहिता काय म्हणते’ हा नसतो. ‘जे चालत आहे ते ह्याच संहितेपासून झाले काय’ हा असतो. त्याचे उत्तर संहितेच्या अक्षरांत शोधून मिळत नाही. ते एका क्रमात असते. तो क्रम ज्याने लावला तो मनुष्य तोपर्यंत बहुधा निवृत्त झालेला असतो, आणि ज्या खातेदाराची शिल्लक त्या क्रमावर अवलंबून आहे त्यास असा काही क्रम आहे हेच ठाऊक नसते. म्हणून क्रम लिहून ठेवणे हे संहिता लिहिण्याइतकेच लेखकाचे कर्तव्य होय.